पांडुरंगाच्या खात्यावर

रक्ताच्या पिशवीला अंगारा लावून देता का, असं विचारणारं कुणी ना कुणी आमच्या रक्तपेढीच्या खिडकीवर येतंच. कागदाच्या पुडीत अंगारा असतो, प्रभादेवीच्या रांगेत उभं राहून आणलेलं जास्वंदीचं फूल असतं, हाजी अलीचा धागा असतो. एका म्हातारबाबांनी तर खंडोबाचा भंडारा आणला होता. तो खिडकीच्या फळीवर असा सांडला, की आमचं रजिस्टर पुढे कितीतरी दिवस पिवळं दिसत होतं. पिशवीवरच्या लेबलावर गट, क्रमांक आणि मुदतीची तारीख असते. ते वाचता आलं नाही तर पिशवी फुकट जाते. म्हणून माझं उत्तर ठरलेलं असतं, "पिशवीला नको, पेशंटच्या उशाशी ठेवा." पुढे वॉर्डातल्या सिस्टर काय म्हणतात, ते त्यांचं त्या बघतात.

परळ भागातल्या एका सार्वजनिक रुग्णालयाच्या रक्तपेढीत मी तंत्रज्ञ आहे. सगळी नोकरी इथेच गेली. देवावर भार टाकायला मी शिकले तेही इथेच, आणि हे जरा विचित्र आहे, कारण कशावरही विश्वास ठेवायचा नाही हे आमच्या कामाचं पहिलं कलम आहे. नमुन्याच्या नळीवरचं नाव आणि फॉर्मवरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे. एका वॉर्डात एकाच नावाआडनावाच्या दोन बायका असू शकतात, आणि मुंबईत त्या असतातच. गट दोन बाजूंनी तपासायचा. आधी रुग्णाच्या लाल पेशींवर अँटी-ए आणि अँटी-बी ही गट ओळखणारी द्रावणं घालून बघायचं. मग उलट बाजूने, रुग्णाचं सीरम, म्हणजे रक्तातलं पेशी वगळून उरलेलं पाणी घेऊन ते ए, बी आणि ओ गटाच्या माहितीतल्या पेशींवर घालायचं. दोन्ही उत्तरं एकमेकांशी पटली तरच पुढे जायचं. त्यानंतर क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं आणि रुग्णाचं रक्त एकमेकांशी जुळतं का ते बघणं. दात्याच्या रक्ताच्या तर एचआयव्ही, दोन प्रकारच्या काविळी, सिफिलिस आणि मलेरिया अशा तपासण्या आधीच झालेल्या असतात. चुकीच्या गटाचं रक्त गेलं तर माणूस दगावू शकतो, त्यामुळे 'असेल बरोबर' हे शब्द आमच्याकडे शिवीसारखे आहेत.

मला हे काम फार मानवलं. त्याचं कारण घरात होतं.

बाबा कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा मी शाळेत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि तो संप अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. पहिले काही महिने आमच्या चाळीत लग्नघरासारखी लगबग होती. सभा, मोर्चे, गावाहून आलेली ज्वारीची पोती. मग पोती यायची थांबली. माणसं गावाला गेली, काही परत आली, बरीच आली नाहीत. बाबांना शेवटी उपनगरातल्या एका सोसायटीत वॉचमनची नोकरी मिळाली. साच्यांच्या खडखडाटात आयुष्य काढलेला माणूस रात्री एकटा खुर्चीवर बसायला लागला. पुढारी, सरकार, मालक, मित्र, सगळ्यांवरचा त्यांचा विश्वास उडाला. आधी ते चाळीच्या भजनी मंडळात पखवाज वाजवायचे. तोही खुंटीला गेला. मला जवळ बसवून सांगायचे, "कुणावर इसंबून ऱ्हाऊ नगंस. आपला हात जगन्नाथ."

हे वाक्य मी नुसतं ऐकलं नाही, अंगात भिनवलं. बारावी, डिप्लोमा, नोकरी, सगळं स्वतःच्या हिमतीवर. कुणाकडे वही मागितली नाही, की चिठ्ठी घेऊन कुणाच्या दारात उभी राहिले नाही. लग्नानंतरही तेच. गॅसचा नॉब नवऱ्याने बंद केला तरी मी परत जाऊन बघणार. मुलीच्या शाळेचा डबा सासूबाईंनी भरला तरी झाकण उघडून पाहणार. प्रयोगशाळेत हा गुण, घरात हा जाच. रात्री अंथरुणावर पडलं की दिवसभरातली सगळी कामं डोक्यात पुन्हा तपासली जायची. देवाला माझा विरोध नव्हता. घरात देव्हारा होता, संकष्टीला चंद्र बघूनच जेवायचे. पण मनातून मला ठाऊक होतं, की देव हा आपल्या घरातला आदरणीय पाहुणा आहे. त्याला पाट द्यावा, कामाला लावू नये.

पंचेचाळिशीच्या आसपास माझ्या पिपेटचं टोक काचेच्या नळीच्या तोंडावर वाजायला लागलं. बारीक टिकटिक. शेजारच्या टेबलावरच्या मुलाने वर बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली, त्यावरून मला कळलं की त्याने हे आधीही ऐकलेलं आहे. हात मांडीवर ठेवला की स्थिर. नळी धरली, सही करायला घेतली, वरण वाढायला डाव उचलला, की थरथर सुरू. मेंदूच्या डॉक्टरांनी कागदावर गोल गोल वर्तुळं काढायला लावली, हात पुढे धरायला लावले, आणि इसेन्शियल ट्रेमर असं नाव दिलं. पार्किन्सनमध्ये हात बहुधा स्वस्थ असताना थरथरतो, ह्यात कामाला लावला की थरथरतो. जिवाला धोका नाही. गोळीने कमी होतो, जात नाही. चहा-कॉफी कमी करा, ताण घेऊ नका. (ताण घेऊ नका हा सल्ला देताना डॉक्टरांचा फोन सतत वाजत होता.) बऱ्याचदा हे घराण्यातून येतं, असंही ते म्हणाले. तेव्हा मला बाबांचा बशीत वाजणारा कप आठवला. आम्ही सगळे समजायचो की वयामुळे असेल, संपाच्या काळजीमुळे असेल. आपला हात जगन्नाथ म्हणणाऱ्या माणसाचा हात, आणि त्याबद्दल त्यांनी कधी कुणाला एक शब्द सांगितला नाही.

माझ्याकडचं तपासणीचं काम काढून घेतलं गेलं, आणि योग्यच केलं. मी वरिष्ठ असते तर मीही काढून घेतलं असतं.

स्वतःचा आधार सुटल्यावर माणूस आधी देवाकडे जातो असं कीर्तनात सांगतात. माझं तसं झालं नाही. मी आधी माणसांकडे गेले, आणि कशी, तर सगळा भार घेऊन. ज्या मुलाकडे माझं टेबल गेलं, त्याच्या मागे उभी राहून मी त्याच्या प्रत्येक थेंबावर नजर ठेवायची, आणि त्याने अजिबात चुकू नये अशी माझी अपेक्षा असायची. डॉक्टरांनी मला बरं करावं. नवऱ्याने मी न सांगता ओळखावं. मुलगी पुण्यात नोकरीला होती, तिने रोज रात्री फोन करावा आणि त्यात मला धीर द्यावा. एक दिवस ती वैतागून म्हणाली, "आई, मलाही माझं टेन्शन असतं गं. तू रोज माझ्याकडून काय ऐकायचंय ते ठरवून बसतेस." मला राग आला. पण चाळीतल्या खोलीत वाढलेल्या बाईला हे कळायला हवं, की एका खुंटीवर घरादाराचे कपडे टांगले तर खुंटी उखडते, आणि त्यात खुंटीचा काही दोष नसतो.

ह्याच दिवसांत आमच्या रक्तपेढीतली वसईची सहकारी सप्टेंबरात वांद्र्याला माउंट मेरीच्या जत्रेला गेली. तिथे रस्त्याच्या कडेला मेणाच्या वस्तू विकायला असतात. मेणाचे पाय, मेणाचं बाळ, मेणाचं घर. ज्याला जे हवं किंवा ज्याचं जे दुखतंय, ते घ्यायचं आणि मावलीला वाहायचं. सगळ्या धर्मांची माणसं जातात. सोमवारी ती मला म्हणाली, "ताई, तुमच्यासाठी मेणाचा हात वाहिला. उजवा आहे का विचारलं, तर दुकानदार म्हणाला, हात तो हात."

मी हसले, आणि मग बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ रडले. माझा हात त्याने थांबला नाही, हे सांगून टाकते. पण मी स्वतःसाठी देवाजवळ कधी काही मागितलेलं नव्हतं, हे त्या दिवशी लक्षात आलं. नवस करणाऱ्यांना मी मनात जरा खालच्या पायरीवर बसवायचे. मला वाटायचं हा माझा निरपेक्षपणा आहे. खरं तर मला मागणंच जमत नव्हतं, मग तो समोरचा माणूस असो की देव. आणि माझ्यासाठी कुणीतरी, मला न विचारता, गर्दीत उभं राहून मागितलं होतं.

मला खिडकीवर बसवलं. रक्त मागायला येणाऱ्यांचे फॉर्म घ्यायचे, पिशव्या द्यायच्या, बदली रक्तदात्यांची नोंद करायची. टेस्ट ट्यूबपुढे इतकी वर्षं घालवल्यावर मला पहिल्यांदा माणसं दिसली. मी नोकरीला लागले तेव्हा पैसे घेऊन रक्त देणारे असायचे, दोनदोनशे रुपयांसाठी दंडावर सुयांच्या खुणा घेऊन हिंडणारे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून त्यावर बंदी आली. तेव्हा सगळे म्हणत होते, आता रक्त येणार कुठून? आलं. गणेश मंडळांतून, कॉलेजांतून, बँकांच्या शाखांतून, रेल्वेच्या कारशेडमधून आलं. ज्याने दिलं त्याला ते कुणाला गेलं ते कळत नाही, आणि ज्याच्या शिरेत गेलं त्याला कुणाचं आहे ते कळत नाही. मी ही व्यवस्था रोज हाताळत होते आणि तरीही घरी जाऊन मानत होते की माणूस स्वतःच्या हिमतीवर जगतो.

आता इथे एक अवघड प्रसंग सांगितला पाहिजे, नाहीतर ही सगळी गोडगोड कथा होईल. पावसाळ्याच्या शेवटी मुंबईत डेंग्यूचे रुग्ण वाढतात आणि प्लेटलेट्ससाठी रांग लागते. प्लेटलेट्स पाचच दिवस टिकतात, तेही वीस ते चोवीस अंशांवर सतत हलत्या ट्रेवर ठेवून. एका शाळकरी मुलाचे वडील आपल्या अख्ख्या मंडळाला घेऊन आले होते. गणपती तोंडावर होते, पोरांच्या टी-शर्टवर मंडळाचं नाव होतं. मांडव सोडून आली होती पोरं. हवं होतं त्याच्यापेक्षा जास्त रक्त जमलं. डॉक्टरांनी काही कमी केलं नाही, आम्ही काही कमी केलं नाही, त्या बापाने आणि त्या मंडळाने तर नाहीच नाही. मुलगा गेला.

काही दिवसांनी वडील खिडकीवर आले. मला वाटलं भांडायला आले. म्हणाले, "आमच्या नावावर उरलेल्या पिशव्या आहेत ना, त्या कुणाला लागतील त्यांना द्या." मग जाता जाता थांबून म्हणाले, "यंदा मी गणपतीचं तोंड बघणार नाही." मी नुसती मान हलवली. देव सगळं चांगल्यासाठी करतो, असं सांगणारे लोक मला त्या दिवसापासून सहन होत नाहीत. त्या बापाला सांगण्यासारखं माझ्याजवळ तेव्हा काही नव्हतं आणि आजही नाही. पण ज्या देवावर तो चिडला होता, तो त्याच्या हिशेबात अजून होता, एवढं मला दिसलं. पाहुण्यावर कुणी असं चिडत नाही. माझ्या त्या पाटावरच्या देवाशी माझं भांडण व्हावं इतकीही आमची ओळख नव्हती.

आणि त्या हिवाळ्यात कराडकडची एक बाई आली. वीस-बावीस वर्षांची मुलगी, हृदयाच्या झडपेचं ऑपरेशन ठरलेलं. मुलीचा नमुना तपासायला गेला. सरळ बाजूने गट ओ आला. उलट बाजूने बघताना माझ्या टेबलावरच्या त्या मुलाने मला हाक मारली. "मॅडम, ओ पेशी बघा." नळी त्याने उजेडात धरली, हलकेच झटकली. ओ गटाच्या माणसाचं सीरम ओ पेशींशी भांडत नाही, नळीच्या तळाचं लाल बटण सुटून पाण्यात मिसळून जायला हवं. ते मिसळलं नाही. विटेचा चुरा पडावा तसे बारीक लाल गोळे तरंगत राहिले. अँटी-एच लावून खात्री केली. बॉम्बे ब्लड ग्रुप.

हा गट १९५२ साली ह्याच परळमध्ये, केईएममध्ये डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना सापडला, आणि शहराचं जुनं नाव त्याला कायमचं चिकटलं. ए आणि बी ज्याच्यावर उभे राहतात तो एच नावाचा पायाच ह्या माणसांच्या लाल पेशींवर नसतो. भारतात दहा हजारांत साधारण एक. वरवर तपासलं तर ते ओ वाटतात. पण सगळ्यांना चालतं म्हणून ज्याचा डंका आहे ते ओ निगेटिव्हही ह्यांना चालत नाही. बॉम्बे गटाच्याच माणसाचं रक्त लागतं. आईबापांचं बहुधा चालत नाही, कारण दोघांकडून एकेक अर्धवट वारसा येऊन मुलाला हा गट मिळतो. सख्ख्या भावंडाचं जुळण्याची शक्यता चारात एक. ह्या मुलीचा एक भाऊ होता, त्याचं जुळलं नाही.

हे सगळं आईला मी समजावून सांगितलं. तिने पहिला प्रश्न केला, "माझं काढा की. मी तिची आय हाय." तुमचं चालत नाही, असं मी तिला पुन्हा सांगितलं. तिचा चेहरा त्या क्षणी कसा झाला हे मी लिहू शकणार नाही. आईचं रक्त लेकराला चालत नाही, हे कुठल्या पोथीत लिहिलेलं असतं? ती थोडा वेळ बाकावर बसली. मग उठून आली आणि विचारलं, "मग मी काय करू ते सांगा." मी कागद दिले, अशा दात्यांच्या याद्या सांभाळणाऱ्या स्वयंसेवकांचे फोन नंबर दिले. ती प्रत्येक नंबरावर स्वतः बोलली. फोन नीट लावता येत नव्हता तर वॉर्डबॉयकडून लावून घेतला. मुलाला गावी पाठवून नात्यातल्या माणसांचे गट तपासायला लावले. मधल्या वेळात बाकावर बसून तिचा जप चालायचा. ओठ हलायचे, बोटं पेरांवर फिरायची. आणि नर्सने हाक मारली की जप तिथेच सोडून ताडकन उठायची. मी एकदा विचारलं, "मावशी, भीती नाही वाटत?" म्हणाली, "वाटती की. पर माझ्या हातचं मी करते. त्येच्या हातचं मी कशाला करत बसू?"

ह्या वाक्यावर मी बरेच दिवस अडकून पडले. माझी सगळी दमछाक त्यात होती. जे माझ्या हातचं, ते मी केलंच, त्यात मी कधी कमी पडले नाही. पण जे माझ्या हातचं नव्हतंच, तेही मी रात्रभर करत बसायचे. आमच्या तपासण्यांतही हे असतं. दात्याला अगदी ताजा संसर्ग झाला असेल तर काही दिवस तो कुठल्याच तपासणीत दिसत नाही. तपासण्या सुधारल्या तसा हा काळ कमी झाला, शून्य झाला नाही. सगळं नियमाने करूनही एक तुकडा उरतो, आणि पिशवी खिडकीतून बाहेर द्यावीच लागते. इतकी वर्षं ती पिशवी मी कुणाच्या भरवशावर देत होते?

सांगलीहून एक तरुण रात्रीच्या एसटीने आला. दूध संकलन केंद्रावर काम करणारा. त्याचा गट हाच आहे हे त्याला पूर्वी कधीतरी शिबिरात कळलं होतं, आणि तेव्हापासून त्याचा नंबर यादीत होता. खिशात घडी घातलेली परवानगीची रजाचिठ्ठी. रक्त दिल्यावर आम्ही चहा-बिस्किटं देतो, ती त्याने खाल्ली, प्रवासखर्चाचं कुणीतरी विचारलं तर नको म्हणाला, परतीची एसटी परळ डेपोतून किती वाजता आहे एवढं विचारलं. रक्त कुणाला जाणार हे त्यानेही विचारलं नाही आणि आम्हीही सांगत नाही. तो लिफ्टकडे गेला तेव्हा ती बाई लिफ्टमधून बाहेर येत होती. त्याने दार धरून ठेवलं, ती डोक्यावरचा पदर सावरत बाहेर आली आणि सरळ माझ्याकडे विचारायला आली, "कोन मिळालं का?"

मी म्हटलं, "मिळालं, मावशी." तिने हात जोडले. मला नाही, माझ्या मागे भिंतीवरच्या कॅलेंडरमधल्या कुठल्याशा देवाला. मला ते जरा लागलं, मग गंमत वाटली.

ऑपरेशन झालं. पुढे त्या मुलीचं काय झालं ते मला माहीत नाही. पिशवी खिडकीतून गेली की पुढचं आम्हाला क्वचितच कळतं. इथे गीतेतला, कर्म आणि फळाचा श्लोक तुमच्या ओठांवर आला असेल. निवृत्तीच्या निरोप समारंभांत तो मी इतका ऐकला आहे की तो मी टाळते.

त्या लिफ्टच्या दारातला योगायोग हा देवाचा पुरावा आहे, असं मी म्हणत नाही. डेंग्यूच्या मुलाच्या बापासमोर असं म्हणायची माझी हिंमत नाही. पण त्यानंतर मी आईकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले, म्हणजे माझ्या आईकडे. ती आता पंच्याऐंशीच्या घरात आहे आणि माझ्याकडे असते. संपाच्या आधी ती खाणावळ चालवायची. गावाकडून एकटे आलेले गिरणी कामगार गाळ्यांत राहायचे आणि बायकांच्या खाणावळींत जेवायचे. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढून ह्या बायकांना बँकेची कर्जं मिळवून दिली, नाहीतर सावकाराशिवाय वाली नव्हता. आईच्या हाताखाली भाकऱ्यांची चळत असायची. संप लागला तेव्हा पगार बंद, म्हणजे खाणावळीचे पैसेही बंद. बाबा म्हणाले, बंद कर. तिने भाकरी लहान केली, आमटी पातळ केली, पण पानं बंद केली नाहीत. उधारी वहीत लिहायची. जे गावाला गेले आणि परतले नाहीत, त्यांची नावं तिने वहीच्या शेवटच्या पानांवर वेगळी उतरवली आणि वर लिहिलं, 'पांडुरंगाच्या खात्यावर'.

ह्या वहीवरून घरात किती भांडणं झाली! बाबांना तो अडाणीपणा वाटायचा, मलाही बरीच वर्षं वाटायचा. असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी म्हणतात, तशातली ही बाई. पण आई खाटल्यावर बसलेली मला कधी आठवतच नाही. पहाटे चारला चूल, दुपारी धुणी, रात्री गोधड्या शिवणं. कर्जाचा हप्ता एकदाही चुकवला नाही. बँकेचं खातं तिने पांडुरंगावर टाकलं नाही, पांडुरंगाचं बँकेला सांगितलं नाही. गाडगेबाबा नवस-सायासावर कीर्तनात कोरडे ओढायचे, आणि त्याच तोंडाने देवकीनंदन गोपालाचा गजर करत हातात खराटा घ्यायचे. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत आज बाहेरगावचे कॅन्सरचे रुग्ण राहतात. देवावर भार टाकणारी माणसं हात बांधून बसतात, हे मी कुठे पाहिलं होतं? ऐकलं होतं फक्त.

उलट एक गोष्ट मला आता दिसते. बाबा कुणावरच विसंबले नाहीत आणि प्रत्येकावर चिडलेले गेले. आईला ज्यांनी बुडवलं त्यांच्याबद्दल ती अजून प्रेमाने बोलते. "त्यो कोरेगावचा, त्याला कांदा लागायचा भाकरीसंगं." माणसाने माणसासारखं वागून टाकलं, त्याचं तिला नवल वाटत नाही, कारण तिने त्यांच्यावर देवाइतका भरवसा कधी टाकलेलाच नव्हता. म्हणून तिला त्यांची मदत घेतानाही लाज वाटत नाही. शेजारणीकडे ती वाटी घेऊन आजही जाते. मला अजून जमत नाही, पण मुलीला मी आता आठवड्यातून एकदा फोन करते आणि तिचं ऐकते. टेबलावरच्या त्या मुलाच्या मागे जाऊन उभी राहत नाही. त्याचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत, हे ओ पेशींनी सिद्धच केलं.

आषाढीला आईला वडाळ्याच्या विठोबाला नेते. २०२० साली देऊळ बंद, लोकल बंद, पादुका एसटीच्या बसने पंढरपूरला गेलेल्या टीव्हीवर बघून ती खूप हसली होती. "एवढ्या वर्षांत त्याला पण जरा सुट्टी मिळाली." तिला देवाची भीती वाटत नाही, काळजी वाटते. मला अजून तिथवर जाता आलेलं नाही. मी रांगेत उभी राहून मागते. हात बरा व्हावा असं मागते, मुलीचं मागते, त्या डेंग्यूवाल्या बापाचं मागते. मग घरी येऊन गॅसचा नॉब बघते. एकदाच.

माझी एक मैत्रीण विचारते, सगळं देवावर सोडलंस तर गोळी कशाला घेतेस? गोळी डॉक्टरांनी दिली आहे, ती माझ्या हातचं आहे, म्हणून घेते. थरथर किती कमी होईल ते माझ्या हातचं नाही. ती म्हणते हे सोयीचं आहे. असेल.

मे महिना लागला की कॉलेजं बंद होतात, लोक गावाला जातात आणि आमचे फ्रीज रिकामे पडायला लागतात. येत्या रविवारी लालबागजवळ एका मंडळाने रक्तदान शिबिर ठेवलं आहे. मी नोंदणीच्या टेबलावर बसणार आहे, नावं लिहायला मात्र एक कॉलेजची मुलगी घेतली आहे, कारण माझं अक्षर आता मलाच लागत नाही. मी तिला सांगूनच टाकलं, हात थरथरतो, तू लिही. आई म्हणाली मीही येते. तिला सांगितलं, पासष्टीनंतर रक्त घेत नाहीत. म्हणाली, "मग चहा तरी वाटीन की." मंडळाच्या पोरांनी तिला खुर्ची आणि पंख्याची जागा कबूल केली आहे. बॅनर अजून छापून आलेला नाही.